युरोव्हिजन : १२ गुण नेमके येतात कुठून?

आकडेमोड:
युरोव्हिजन म्हणजे देशोदेशींच्या गाण्यांची वार्षिक स्पर्धा, आणि तिथे दर मे महिन्यात तेच भांडण. "लोकांनी भरभरून मतं दिली आणि ज्युरीने भलत्यालाच जिंकवलं." २०२३ ला लिव्हरपूलमध्ये फिनलंडच्या कॅरियाला प्रेक्षकांकडून ३७६ गुण आणि स्वीडनच्या लोरीनला २४३, तरी लोरीन ५८३ विरुद्ध ५२६ अशी जिंकली. २०२४ ला माल्मोमध्ये प्रेक्षकांचे ३३७ क्रोएशियाला, २२६ स्वित्झर्लंडच्या नेमोला, आणि विजेत्याचा काचेचा मायक्रोफोन गेला नेमोकडे (जो त्याच रात्री फुटला, ते असो). २०२५ ला बाझलमध्ये इस्रायल २९७, ऑस्ट्रिया १७८, जिंकलं ऑस्ट्रिया.

ज्युरीचा वाटा अर्धा, त्यामुळे ज्युरीवर खापर फुटणारच. पण मुळात गोंधळ वेगळा आहे. ते ३७६ म्हणजे मतं नव्हेत. युरोव्हिजनमध्ये मतं मोजून झाली की ती फेकून दिली जातात, मागे फक्त क्रम उरतो. प्रत्येक देशात पहिल्या आलेल्या गाण्याला १२, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ८, मग ७, ६, ५, ४, ३, २, १. अकराव्यापासून खाली सगळे शून्य. ही १२ गुणांची पद्धत १९७५ पासूनची. २०१६ पासून प्रत्येक देश असे दोन संच देतो, एक ज्युरीचा आणि एक प्रेक्षकांचा. त्याआधी दोन्ही एकत्र करून एकच संच निघायचा.

साधं उदाहरण घ्या. 'क' देशात एका गाण्याला ४० टक्के मतं आणि दुसऱ्याला ८. गुण १२ आणि १०. 'ख' देशात दुसऱ्याला ११ टक्के, पहिल्याला साडेदहा. गुण १२ आणि १०, उलट बाजूने. बेरीज दोघांचीही २२. मतांचा डोंगर आणि मतांची चिमूट यांत फरक राहिला दोन गुणांचा, तोही दुसऱ्या देशात भरून निघाला. म्हणून "अमक्याला सगळ्यात जास्त मतं होती" हे वाक्य पडद्यावरच्या गुणांवरून म्हणताच येत नाही.

आणखी एक. इटलीने वेढलेल्या चिमुकल्या सॅन मारिनोचे १२ आणि जर्मनीचे १२ सारखेच. लोकसंख्येचा काहीही संबंध नाही.

नवशिकी:
छान समजलं. पण एखाद्या गाण्याला प्रेक्षकांचं शून्य कसं काय मिळतं? म्हणजे एकाही माणसाने मत दिलं नाही?

आकडेमोड:
@नवशिकी, तेच तर. शून्य म्हणजे "कुठल्याही देशात पहिल्या दहात नाही", एवढंच. २०२५ चं यजमान स्वित्झर्लंड पाहा. ज्युरीचे २१४ गुण, ज्युरीच्या यादीत दुसरं, आणि प्रेक्षकांचे सपशेल शून्य. त्या गाण्याला मतं पडलीच नसतील असं कोण म्हणेल? पण प्रत्येक देशात अकरावं-बारावं येत राहिलं तर हातात भोपळाच. २६ गाण्यांच्या रांगेत 'सगळ्यांना बरं वाटलेलं' गाणं असं मरतं, आणि निम्म्यांना मुळीच न आवडलेलं पण उरलेल्यांना वेड लावणारं गाणं तरतं. फोन उचलून पैसे खर्च करायचे तर बरं वाटून भागत नाही.

२०२१ ला रॉटरडॅममध्ये ब्रिटन, जर्मनी, स्पेन आणि यजमान नेदरलँड्स अशा चौघांना प्रेक्षकांचं शून्य होतं. त्यात ब्रिटनला ज्युरीचंही शून्य.

स्वरभान:
चांगला धागा. ज्युरीच्या बाजूने दोन शब्द, कारण तिथलं गणित आणखी आत दडलेलं आहे.

२०२५ पर्यंत प्रत्येक देशाच्या ज्युरीत पाच जण, सगळे संगीत क्षेत्रातले. प्रत्येकाने स्वतंत्रपणे सगळ्या गाण्यांचे क्रम लावायचे, पहिल्यापासून शेवटापर्यंत. २०१८ पूर्वी या क्रमांची सरळ बेरीज व्हायची, आणि तिथे एक भोक होतं. समजा चौघांनी गाणं पहिलं ठेवलं आणि पाचव्याने मुद्दाम सव्विसावं. बेरीज ३०. दुसरं गाणं पाचही जणांनी पाचवं ठेवलं, बेरीज २५. कमी बेरीज पुढे, म्हणजे चौघांच्या पसंतीचं गाणं एकाच्या खुन्नसने मागे. २०१८ पासून वरच्या क्रमांना खूप जास्त वजन दिलं आणि खाली खाली वजनातला फरक नगण्य केला. आता विसावं ठेवलं काय नि सव्विसावं ठेवलं काय, फारसं बिघडत नाही. वरच्या उदाहरणात पहिलं गाणं आरामात पुढे राहतं.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ज्युरी शनिवारचा कार्यक्रम बघून गुण देतच नाही. आदल्या दिवशी, शुक्रवारी रात्री, पूर्ण वेशभूषेसह रंगीत तालीम होते. तिला सगळे 'ज्युरी शो'च म्हणतात. गुण त्या तालमीवर. त्यामुळे शनिवारी वरची पट्टी कशी लागली यावर ज्युरीला शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्यांनी ती ऐकलेलीच नसते. उलट शुक्रवारी घसा बसलेल्या गायकाने शनिवारी मैदान मारलं तरी निम्मा निकाल आदल्या रात्रीच लागलेला असतो.

मिरजेची_तार:
शेजारधर्माचं काय? ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ देतात हे तर शेंबडं पोरही सांगेल.

आकडेमोड:
@मिरजेची_तार, देतात, पण त्याने जिंकता येत नाही. २०२५ ला ३७ देश होते. स्वतःला मत देता येत नाही, म्हणून एका गाण्याला ज्युरीचे जास्तीत जास्त ३६ गुणिले १२, म्हणजे ४३२. प्रेक्षकांच्या बाजूला 'उर्वरित जग' (स्पर्धेबाहेरच्या देशांचे प्रेक्षक) हा एक जादा मतदार, म्हणून ३७ गुणिले १२, ४४४. एकूण ८७६. ऑस्ट्रिया जिंकलं ४३६ वर, म्हणजे शक्य गुणांच्या निम्म्यापेक्षाही किंचित कमी. चार-पाच शेजाऱ्यांचे १२ मिळाले तर ६० होतात. त्याने तळातून मधल्या रांगेत याल, मधल्यातून वर नाही.

खरा परिणाम स्थलांतरितांचा असतो. तुर्कस्तान २०१२ पर्यंत भाग घ्यायचं तेव्हा जर्मनीकडून त्यांना ठरलेले गुण यायचे, कारण तिथे राहणारे तुर्क जर्मन फोनवरून मत देत. नियमात बसतं ते. मतदार कुठल्या देशाच्या फोनवरून बोलतो एवढंच बघितलं जातं, पासपोर्ट नाही.

गंमत सॅन मारिनोची. तिथलं दूरध्वनी जाळं इटलीचंच, वेगळं मोजताच येत नाही. म्हणून त्यांचा 'प्रेक्षक निकाल' काही इतर देशांच्या निकालांवरून बेतला जातो.

रात्रपाळी:
असा बेतलेला निकाल एकदा अंगाशी आला होता. २०१९, तेल अवीव. बेलारूसच्या ज्युरीने उपांत्य फेरीतली आपली मतं बाहेर फोडली, म्हणून अंतिम फेरीसाठी ती ज्युरी रद्द. तिच्या जागी बेतलेला निकाल वापरला, तो चुकून उलटा लागला. तळाच्या गाण्यांना वरचे गुण! ते गुण प्रक्षेपणात वाचून दाखवले गेले. काही दिवसांनी दुरुस्ती झाली तेव्हा ज्युरीतलं पहिलं स्थान स्वीडनकडून उत्तर मॅसेडोनियाकडे गेलं, आणि विजेत्या नेदरलँड्सचे ४९२ चे ४९८ झाले. विजेता बदलला नाही म्हणून निभावलं.

२०२२ ला तर एका उपांत्य फेरीत सहा देशांच्या ज्युरींच्या मतांत संशयास्पद नमुना सापडला : अझरबैजान, जॉर्जिया, माँटेनेग्रो, पोलंड, रुमानिया, सॅन मारिनो. सहाही ज्युरींचे गुण बाजूला ठेवून बेतलेले वापरले. पुढच्या वर्षापासून उपांत्य फेरीतून ज्युरीच काढली, सगळं प्रेक्षकांवर. आता २०२६ च्या व्हिएन्नापासून ती परत, आणि पाचाऐवजी सात जणांची, त्यातले किमान दोघे १८ ते २५ वयाचे.

स्वरभान:
त्याच बदलांत मतांची मर्यादाही आली. आधी एका मतदाराला २० मतं देता यायची, आता १०. बाझलच्या निकालानंतरच्या ओरड्यामुळे हे झालं. माझ्या मते २० चे १० केल्याने फार फरक पडू नये. दहाच्या दहा एकाच गाण्यावर ओतायची मुभा कायम आहे. दहा वेगवेगळ्या गाण्यांना वाटायची सक्ती केली असती तर निकाल खरोखर बदलले असते.

आकडेमोड:
सहमत. आणि २०१६ चा स्टॉकहोमचा निकाल कुणी विसरू नये. ज्युरीत पहिलं ऑस्ट्रेलिया, ३२० गुण. प्रेक्षकांत पहिलं रशिया, ३६१. जिंकलं युक्रेन : ज्युरी २११, प्रेक्षक ३२३, एकूण ५३४. ऑस्ट्रेलिया ५११, रशिया ४९१. दोन्ही याद्यांत दुसरं येऊन पहिलं. या पद्धतीत 'दोघांनाही पटणं' किती मोलाचं, त्याचा याहून चांगला नमुना नाही.

गल्लीबोळ:
ही स्पर्धा म्हणजे झगमगाट जास्त, गाणं कमी. मंचावर सॉना (वाफेने अंग शेकायची खोली) काय बांधतात, झुंबरासारखे मायक्रोफोनला काय लटकतात. गाणाऱ्याने उभं राहून गावं ना.

स्वरभान:
@गल्लीबोळ, झगमगाट का वाढला याला नियमच कारणीभूत आहेत. मूळ नियम मोजकेच : गाणं तीन मिनिटांच्या आत, मंचावर जास्तीत जास्त सहा माणसं, जिवंत प्राणी नाही, गायकाचं वय किमान १६, गाणं आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी बाजारात आलेलं नको, मुख्य आवाज प्रत्यक्ष गायलेला. वाद्यं मात्र सगळी आधी ध्वनिमुद्रित. मंचावर दिसणाऱ्या गिटारची वायर कुठेही जोडलेली नसते. थेट वाद्यवृंद शेवटचा वाजला १९९८ ला बर्मिंगहॅममध्ये.

आता सहाची मर्यादा पाहा. साथीचे गायक पडद्याआड उभे केले तरी ते सहात मोजले जात. भरगच्च कोरस हवा तर तीन-चार जागा तिथेच संपल्या, नाचायला उरले दोघे. २०२१ पासून साथीचे आवाज ध्वनिमुद्रित चालतात. त्या क्षणी पाच जागा नर्तकांसाठी मोकळ्या झाल्या. त्यानंतरचे कार्यक्रम आणि आधीचे शेजारी शेजारी लावून बघा, मंच एकदम भरलेला दिसेल. तोटा असा की मुद्रित कोरसमध्ये मुख्य सुरावट मिसळलेली असेल तर गायक कुठे गातोय आणि कुठे नुसते ओठ हलवतोय हे घरबसल्या ओळखणं अवघड.

तीन मिनिटांची अटही अशीच अनुभवातून आली. १९५७ ला इटलीचं गाणं पाच मिनिटं नऊ सेकंद चाललं होतं, ब्रिटनचं जेमतेम एक मिनिट त्रेपन्न.

पडद्यामागे:
मंचाबद्दल सविस्तर लिहितो, कारण कुणीच लिहीत नाही.

दोन गाण्यांमध्ये जी छोटी फिल्म दिसते तिला पोस्टकार्ड म्हणतात. लांबी साधारण ४० सेकंद. ती पर्यटनाची जाहिरात वाटते, पण तिचं खरं काम वेळ काढणं. तेवढ्यात आधीच्या देशाचा पसारा उतरवायचा, नव्याचा चढवायचा, जमिनीवरचे कागदी तुकडे आणि पाणी पुसायचं, गायकाला खुणेवर उभं करायचं, कानातलं यंत्र चालू आहे ना बघायचं.

यासाठी प्रत्येक सामान चाकांवर असतं. सॉना असो की पियानो, तो ढकलत आणायचा आणि चाकं अडकवायची. जमिनीवर प्रत्येक देशासाठी चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या असतात. कॅमेऱ्याची चौकट आधीच ठरलेली असल्याने सामान खुणेवरून थोडं जरी सरकलं तरी पहिल्याच क्लोजअपमध्ये गायक चौकटीच्या कडेला जातो. एलईडीची जमीन असली की आणखी पंचाईत. ती गुळगुळीत असते, त्यावर धुराचा थर बसला की घसरायला होतं, आणि वजनाची मर्यादा असते ती वेगळीच.

सामान ४० सेकंदांत बसत नसेल तर दोनच मार्ग. एक, सामान कमी करा. दोन, त्या गाण्याआधी निवेदकांची बडबड टाका. म्हणून ग्रीन रूममधल्या (स्पर्धक बसतात त्या जागेतल्या) गप्पा अचानक लांबल्या की समजावं, पुढच्या गाण्याला काहीतरी जड येतंय.

कॅमेऱ्याचं काम तर घड्याळासारखं. तीन मिनिटांत कित्येक डझन कट असतात. ते माणूस बटणं दाबून करत बसला तर चुकणारच. म्हणून सगळे शॉट आधी लिहून काढतात आणि गाण्याच्या टाइमकोडला (सेकंदागणिक वेळेच्या खुणांना) बांधतात. क्यूपायलट नावाची डॅनिश प्रणाली त्यासाठी वापरतात. कॅमेरामनला पुढचा शॉट कोणता आणि किती सेकंदांवर हे समोर दिसत राहतं. दिवे, आतषबाजी, पडद्यावरची चित्रं सगळी त्याच टाइमकोडवर. गायक लहरीत येऊन दोन पावलं डावीकडे गेला तर कॅमेरा मात्र ठरल्या जागीच बघतो. तालमीत "मोकळं गा" असं कुणी सांगत नाही, "खुणेवर थांब" सांगतात.

नवशिकी:
आणि मध्येच काही बिघडलं तर?

पडद्यामागे:
रंगीत तालमीचं पूर्ण चित्रीकरण हाताशी तयार असतं. २०२१ ला आइसलंडच्या गटात कोविड निघाला, ते मंचावर आलेच नाहीत. त्यांचं तालमीतलं चित्रीकरण दाखवलं आणि ते चौथे आले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा संघ प्रवासच करू शकला नाही, त्यांनी घरच्या देशात केलेलं चित्रीकरण चाललं.

प्रक्षेपणात किंवा मंचावर व्यत्यय आला तर पुन्हा गायची संधी देतात. २०१० ला ऑस्लोत स्पेनच्या गाण्यात एक आगंतुक घुसला, ते शेवटी पुन्हा गायले. २०१८ ला लिस्बनमध्ये ब्रिटनच्या गायिकेच्या हातून एकाने मायक्रोफोनच हिसकावला. तिने उरलेलं गाणं पूर्ण केलं आणि पुन्हा गायला नकार दिला. १९५८ ला इटलीचं गाणं काही देशांत पोचलंच नव्हतं, तेही शेवटी दुसऱ्यांदा सादर झालं होतं. म्हणजे प्रथा जुनी आहे.

मिरजेची_तार:
गाण्यांचा क्रम कोण ठरवतं? दुसऱ्या क्रमांकावर गाणारा कधीच जिंकला नाही असं ऐकलंय.

पडद्यामागे:
२०२५ पर्यंत तरी खरं आहे. २०१३ पासून क्रम निर्माते लावतात. आधी चिठ्ठी निघते की देश पहिल्या अर्ध्यात की दुसऱ्या, आणि २०२४ पासून तिसरी चिठ्ठीही आली : 'निर्मात्यांची मर्जी'. यजमान देशाचा क्रमांक मात्र थेट चिठ्ठीने, नाहीतर घरच्यांना झुकतं माप दिल्याचा आरोप होईल. निर्माते क्रम लावताना दोन गोष्टी सांभाळतात : जड सामानाचे दोन देश पाठोपाठ नकोत, आणि तीन संथ गाणी सलग नकोत. दुसरा क्रमांक बहुधा अशा गाण्याला जातो ज्याच्याकडून कुणाला फार अपेक्षा नसतात. शापबिप काही नाही, आधीच दुबळ्याला तिथे बसवतात.

गल्लीबोळ:
आणि ते 'बिग फाइव्ह' थेट अंतिम फेरीत, ते कुठल्या न्यायाने?

आकडेमोड:
पैशाच्या. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, ब्रिटन यांच्या वाहिन्या सगळ्यात जास्त वर्गणी भरतात. १९९६ ला जर्मनीचं गाणं आधीच्या चाळणीतच गळलं आणि एवढा मोठा बाजार हातचा गेला. त्यानंतर २००० पासून ही सूट आली. इटली २०११ ला परतल्यावर चाराचे पाच झाले. त्याचा तोटाही आहे. उपांत्य फेरीत न गेल्याने गाणं प्रेक्षकांच्या कानावरून एकदा कमी जायचं. २०२४ पासून त्यांना उपांत्य फेरीच्या कार्यक्रमात पूर्ण गाणं सादर करायला देतात, स्पर्धेबाहेर. २०२६ ला इस्रायलच्या सहभागावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड यांनी माघार घेतली, त्यामुळे पाचाचे चार. बल्गेरिया, रुमानिया, मोल्दोव्हा परत आले, एकूण ३५.

रात्रपाळी:
भारतातून बघणाऱ्यांसाठी. अंतिम फेरी मध्य युरोपच्या वेळेनुसार शनिवारी रात्री ९ ला, म्हणजे आपल्याकडे रविवारचे ००:३०. दरवर्षी कुणीतरी 'शनिवार, रात्री साडेबारा' म्हणून शुक्रवारच्या रात्री गजर लावतं आणि एक दिवस आधी उठून बसतं. शनिवारी जेवून जागे राहा, तोच कार्यक्रम. उपांत्य फेऱ्या मंगळवार-गुरुवारच्या, म्हणून आपल्याकडे बुधवार आणि शुक्रवारचे ००:३०. अंतिम फेरी चारेक तास चालते. यूट्यूबवर अधिकृत वाहिनीवर दिसते.

मत द्यायचं तर आपण 'उर्वरित जग' या गटात. २०२३ पासून आहे. स्पर्धेबाहेरच्या सगळ्या देशांची मतं एकत्र, आणि सगळ्यांचा मिळून एका देशाएवढा एक संच, १२ पर्यंत. संकेतस्थळावर कार्डाने पैसे भरून मत. अडतं ते इथे : रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करा, मर्यादा शेपाचशे ठेवा, झाल्यावर परत बंद करा. हे सगळं संध्याकाळीच उरका. पहाटे तीनला ओटीपीची वाट बघत बसू नका.

नवशिकी:
निकालाच्या वेळी आकडे इतके भराभर येतात की काही कळत नाही. काही युक्ती?

आकडेमोड:
एक्सेलमध्ये चार रकाने करा : देश, ज्युरी, प्रेक्षक, एकूण. ज्युरीच्या फेरीत निवेदक फक्त १२ गुण तोंडी सांगतात, १ ते १० नुसते पडद्यावर येतात, म्हणून प्रत्येक देशाचे लिहीत बसू नका, फेरी संपल्यावरची बेरीज उतरवा. मग ज्युरीच्या गुणांनुसार खालून वर लावा. २०१९ पासून प्रेक्षकांचे गुण याच क्रमाने जाहीर होतात, ज्युरीत शेवटचा तो आधी.

पाचवा रकाना 'लागणारे गुण' : त्या क्षणी आघाडीवर असलेल्याची एकूण बेरीज वजा या देशाचे ज्युरीचे गुण, अधिक १. २०२३ चं घ्या. स्वीडन शेवटचं उरलं तेव्हा फिनलंड ५२६ वर. ५२६ वजा ३४०, १८६. अधिक एक, १८७. आले २४३.

मिरजेची_तार:
अधिक १ कशाला? १८६ ने बरोबरी झाली असती की.

आकडेमोड:
बरोबरी झाली तर ज्याला प्रेक्षकांचे गुण जास्त तो पुढे. फिनलंडचे ३७६, म्हणजे १८६ वर स्वीडन हरलं असतं. उलट शेवटच्या देशाचे प्रेक्षक-गुण आघाडीवाल्यापेक्षा जास्त ठरणार असतील तर तो अधिक १ काढून टाका. पण ज्युरीत पहिला असलेल्याच्या बाबतीत ते शक्यच नाही : ज्युरीचे जास्त आणि एकूण सारखे, म्हणजे प्रेक्षकांचे कमीच. म्हणून शेवटच्या नावाला कायम अधिक १.

बरोबरीचा नियम नव्हता तेव्हा १९६९ ला माद्रिदमध्ये स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स असे चौघे १८ गुणांवर विजेते ठरले होते. १९९१ ला स्वीडन आणि फ्रान्स दोघेही १४६ वर. तेव्हा आधी १२ किती वेळा मिळाले ते मोजलं, ते सारखे निघाले, मग १० मोजले, त्यात स्वीडन जास्त.

मिरजेची_तार:
बरोबर. माझ्या शीटमध्ये ते अधिक १ नव्हतं, म्हणून २०२५ ला ऑस्ट्रियासमोर ९९ दिसत होते. ३५७ वजा २५८. दुरुस्त केलं, १००.